धोंडाबाईनं उन्हाला दिलेला बांध

धोंडाबाईशी भांडायला वरच्या वाडीत कुणी सहसा जात नसे. गेलाच तर परत येताना काहीतरी फुटलेलं असे. डोकं, घागर, नाहीतर अब्रू. जंगलखात्याच्या एका रखवालदारानं एकदा तिच्या सरपणाच्या मोळीला हात घातला. तिनं मोळी त्याच्या पायावर आदळली आणि तो कळवळत खाली बसल्यावर त्याचीच वहाण काढून त्याला परत केली, गालावर. पुढं त्याची बदली झाली, पण बदली होईपर्यंत तो तिच्या वाटेला पुन्हा गेला नाही.

अंगानं बाई काटकुळी. पण मुळशीच्या पाण्याच्या काठानं चिखलणी असो, लावणी असो, भाताची झोडपणी असो, ती गड्यांच्या बरोबरीनं उभी राही आणि जिभेनं त्यांच्या कितीतरी पुढं असे. नवरा नाही म्हणून कुणी सहानुभूती दाखवायला आला, तर त्याला ती आधी विचारी, "तुजं काय अडलंय?" तो बिचारा चहासुद्धा न घेता निघून जाई.

अशी ही बाई एकाच गोष्टीला भीत होती. तिचा एकुलता एक मुलगा जयसिंग, त्याच्या रागाला.

त्याचं कारण एका बांधात होतं. धरण झालं तेव्हा नदीकाठची काळी रानं पाण्याखाली गेली आणि वाडीची माणसं डोंगराच्या उतारावर सरकली. तिथं भाताची खाचरं ती केवढी, बैल वळला तर शेपूट शेजाऱ्याच्या रानात जायचं. जमीन एवढीशी झाली तसे बांध महाग झाले. धोंडाबाईचा नवरा कुशाबा आणि त्याचा चुलतभाऊ, म्हणजे पलीकडच्या घरातल्या हैबतरावाचा थोरला भाऊ, यांच्या खाचरांमध्ये एकच बांध होता. एका उन्हाळ्यात तो कुणीतरी कोरला. कुशाबानं की त्या दुसऱ्यानं, यावर वाडीत अजून दोन तट आहेत. कुशाबा तासत होता हे खरं, तो हद्दीच्या बाहेर तासत होता की नाही हे भैरोबाला ठाऊक. शब्दानं शब्द वाढला आणि कुशाबाची कुऱ्हाड भावाच्या मानेत बसली. धोंडाबाई न्याहारी घेऊन आली होती, तान्हा जयसिंग तिच्या कडेवर होता. रक्त उडालं ते त्या पोराच्या टाळूवर. ती बांधावरच बसली आणि पदरानं त्याचं डोकं पुसत राहिली. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

कुशाबाला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच आजारानं गेला. मग वाडीच्या पंचांनी दोन्ही घरांना भैरोबाच्या देवळात नेलं. धोंडाबाईनं आणि हैबतरावानं भंडारा उचलून शपथ घेतली, की त्या बांधाला कुणी लोखंड लावायचं नाही. कुदळ नाही, फावडं नाही, कोयतासुद्धा नाही. तेव्हापासून वाडीतले सगळे बांध दर उन्हाळ्यात तासून साफ व्हायचे आणि तो एक बांध तेवढा माजत राहायचा. गवत, काटेरी झुडपं आणि सुतळीएवढ्या मुळ्या, सगळं त्याच्यावर सुखानं नांदत होतं.

घरातली कुऱ्हाड धोंडाबाईनं स्वतःच्या हातानं धरणाच्या पाण्यात टाकली होती. जयसिंग लहानपणी कुणाशी मारामारी करून आला की ती विचारायची, "आदी कुणी मारलं?" उत्तर काहीही आलं तरी ती त्याला बदडायची. मारून मारून पोराचा राग काढून टाकता येईल असं तिला वाटत होतं. तसं झालं नाही. पोरगा वाढला, बापासारखा रुंद झाला आणि राग आला की बापासारखाच गप्प होऊ लागला. ती त्याच्या हातांकडं बघायची. भाकरी मोडतानासुद्धा बघायची. हे हात कुणाच्या रक्तात भरू नयेत, एवढंच तिचं देवाकडं मागणं होतं.

अठ्ठावन्न सालची गोष्ट असेल. त्या वर्षी भात पोटरीला आलं आणि नाकतोडे पडले. पडले म्हणजे काय, रानात उभं राहिलं तर चर्र चर्र असा चावण्याचा आवाज यायचा, जणू गुरं बांधली आहेत. लोकांनी पत्र्याचे डबे बडवले, धूर केला. धोंडाबाईनं घोंगडं घेतलं आणि खाचरात शिरून झोडपायला लागली. ती शिव्या देत झोडपत होती, पायाखाली चिरडत होती, मुठीत धरून माना पिरगाळत होती. तिचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले. शेवटी नुसत्या काड्यांसारखी ताटं उरली आणि दाणा हाती लागला नाही. हैबतरावाचं खाचरही तसंच बोडकं झालं.

त्यानंतर पुण्याहून गोवंडे नावाचे एक साहेब आले. ते किड्यांचे अभ्यासक होते. धरणावरच्या वसाहतीत वीज होती म्हणून तिथं एक रिकामी खोली त्यांनी मागून घेतली आणि वाडीवाडीतून विचारत सुटले, नाकतोड्याची अंडी कोण खणून आणून देईल? नाकतोडा पीक संपताना बांधाच्या मातीत अंडी घालतो. मातीत भोक पाडून तो तिथं फेस सोडतो, फेस वाळून घट्ट होतो आणि त्या पुंजक्यात अंडी उन्हाळाभर निजून राहतात. पाऊस पडून ओल आली की फुटतात. हे ऐकल्यावर धोंडाबाई म्हणाली, "म्हंजी त्ये हितंच हायेत? माज्या रानात?" आणि त्याच दिवशी ती खुरपं घेऊन कामाला लागली. त्या अंड्यांशी तिचं वैर होतं, साहेबांना वाटलं बाई कामसू आहे.

त्या खोलीत एक दिवा होता. लांब काचेच्या नळीचा, जांभळट उजेडाचा. तो लावला की खोलीत एक उग्र वास सुटे. साहेब डोळ्यांवर जाड काळा चष्मा चढवत आणि तिला म्हणत, "बाई, याच्याकडं बघायचं नाही. यात उजेड दिसतो तेवढाच नसतो. सूर्याच्या उजेडातही आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक भाग असतो, जांभळ्याच्या पलीकडचा. अतिनील किरण म्हणतात त्यांना. या दिव्यात ते ठासून भरलेत." बघायचं नाही म्हटल्यावर बघणार नाही ती धोंडाबाई कसली! साहेब पाठमोरे असताना तिनं त्या नळीकडं पोटभर पाहून घेतलं. तेव्हा काही झालं नाही. दिवेलागणीला मात्र डोळ्यांत कुणी तिखट भरल्यासारखं झालं. पापणी उघडेना, पाणी थांबेना. जयसिंग तिच्या डोळ्यांवर थंड पाण्याच्या घड्या ठेवत बसला आणि ती साहेबांच्या सात पिढ्या काढत बसली. डोळे उघडल्याबरोबर ती दगड घेऊन दिवा फोडायला निघाली.

साहेब दारात आडवे उभे राहिले. घाबरले होते, पण हटले नाहीत. म्हणाले, "दिवा फोडा, पण आधी हे बघा. तुमच्या डोळ्यांना जे झालं ना, तेच अंड्यातल्या गर्भाला होतं." त्यांनी तिला भिंगाशी बसवलं.

भिंगाखाली एक अंडं होतं, भाताच्या दाण्याएवढं. साहेबांनी कसल्याशा औषधात त्याचं वरचं कवच विरघळवलं होतं, त्यामुळं आतलं आरपार दिसत होतं. आत एक फिकट जीव होता. त्याला लाल ठिपक्यांसारखे डोळे होते आणि घडी घातलेले पाय होते. साहेब सांगत गेले. ओल मिळाली की हा जागा होतो, वाढायला लागतो. आधी याचं डोकं अंड्याच्या मागच्या टोकाला असतं. मग एका दिवशी तो आतल्या आत कूस पालटतो आणि डोकं पुढच्या टोकाला आणतो. कूस पालटली की पुढं जन्मतो. ज्यांना दिव्याखाली थोडा वेळ ठेवलं ते कूस पालटायला जातात आणि मध्येच अडकतात. जास्त वेळ ठेवलेले हलतच नाहीत, काळे पडतात. एका बशीत त्यांनी निम्मं अंडं कथलाच्या कागदानं झाकून निम्म्यावरच उजेड टाकला होता. त्यातून निघालेल्या पिल्लाला मागचा एक पाय नव्हता. ते एका पायानं स्वतःभोवती गरागरा फिरत होतं.

धोंडाबाई हसेल असं साहेबांना वाटलं होतं. ती हसली नाही. घोंगड्यानं ढिगानं नाकतोडे चिरडणारी ती बाई त्या अडकलेल्या गर्भाकडं बघत राहिली. जयसिंगच्या आधी तिच्या पोटात दोन जीव राहिले होते आणि दोन्ही तिथंच संपले होते. सुईणीनं तेव्हा हेच सांगितलं होतं, आडवं होतं, फिरलंच नाही. तिनं दगड दाराबाहेर टाकला आणि खाली बसून भुईकडं बघत म्हणाली, "मरूं द्या मुडदे. पर ह्यो दिवा वाडीला कसा पुरायचा?"

तिथंच साहेबांचं खरं काम होतं. दिवा नकोच होता, सूर्य होता. त्यांनी अंगणात दोन बशा मांडल्या. दोन्हींखाली पाण्याच्या पराती ठेवल्या, उन्हानं तापून अंडी शिजू नयेत म्हणून. एका बशीवर काच धरली, दुसरी उघडी. काच त्या न दिसणाऱ्या किरणांना अडवते, असं साहेब म्हणाले. ऊन दोन्हींवर सारखंच पडत होतं. काचेखालच्या गर्भांनी कूस पालटली. उघड्यावरचे पुष्कळसे तसेच राहिले. साहेब एवढे खूश झाले की त्यांनी काळा चष्मा लावूनच जेवायला सुरुवात केली. रानात ऊन, कोरड आणि हे किरण मिळून काय करतील याची खात्री त्यांना नव्हती, आणि तसं त्यांनी सांगितलंही. पण बांध नेहमीपेक्षा खोल तासून पुंजके फोडावेत, माती पातळ पसरावी आणि रोज वरखाली करावी, एवढं करून बघायला काय हरकत आहे? आणि एक, ओल देऊन गर्भ जागा केला आणि मग उन्हाला दिला, तर तो जास्त मरतो. निजलेला निबर असतो.

वाडीनं बांध खोल तासले. धोंडाबाईच्या तोंडाच्या भीतीनं म्हणा, गेल्या वर्षीच्या भुकेनं म्हणा, पण तासले. आणि तो बांध तसाच राहिला.

तिनं त्यात नुसती बोटं घातली. माती ढेकूळ ढेकूळ निघाली आणि प्रत्येक ढेकळात पुंजका. एकाला लागून एक, खच. वाडीभरचे नाकतोडे कुठं निवांतपणे अंडी घालत होते ते तिला कळलं. माणसांनी आपसांत रक्त सांडू नये म्हणून राखलेला बांध, आणि त्याच्या पोटात हे.

ती हैबतरावाच्या दारात गेली. तो बाजेवर तंबाखू मळत बसला होता. त्याची बायको चंद्राबाई पाट्यावर वाटण वाटत होती.

"भावजी, त्या बांधात अंडी खच भरल्यात. औंदा तासला न्हाई तर माजं बी भात जाईल न तुमचं बी."

हैबतरावानं वर पाहिलं नाही. "कुशाबा बी तासायलाच गेलता, वैनी."

धोंडाबाईची नजर वरवंट्यावर गेली. चंद्राबाईनं तो हळूच आपल्याकडं ओढून घेतला. धोंडाबाईनं मोठा श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा राग गिळून म्हणाली, "शपत मोडत न्हाई म्या. लोखंड न्हाई लावत."

"मंग काय दातानं तासतीस?"

"तासीन."

हैबतराव हसला. तो चेष्टेनं हसला होता. तिला वाटलं, झाली परवानगी. इथं ती चुकली.

दुसऱ्याच दिवशी हैबतराव सोयऱ्यांकडं जत्रेला गेला. धोंडाबाईनं धरणातून घागरींनी पाणी वाहिलं आणि बांध भिजवला. आधी ओल, मग ऊन, साहेबांच्या अंगणात झालं होतं तसं. माती मऊ झाल्यावर तिनं खळ्यावर भात ओढायचं लाकडी पावडं घेतलं, ते लाकूडच होतं, त्यात खिळासुद्धा नव्हता. मुळ्या तिनं हातानं उपटल्या. काही खरंच दातानं तोडल्या. बोटांची सालं निघाली, नखं उलटली. जयसिंग म्हणाला, "आये, म्या करतो." ती खेकसली, "त्या बांधाला तू शिवायचं न्हाई. म्हशी घिऊन वर जा." आणि त्याला डोंगरावर हाकलून दिलं.

एक गोष्ट तिनं फार विचारानं केली, आणि त्यानंच सगळा घात झाला. तासलेली माती ती सगळी आपल्या खाचरात ओढत होती. हैबतरावाच्या बाजूची उतरणही तिनं तासली, पण तिथली मातीसुद्धा माथ्यावरून आपल्याच अंगाला घेतली. अंडी भरलेली माती दुसऱ्याच्या रानात कशी टाकायची? शिवाय ती रोज वरखाली करायची, म्हणजे रोज त्याच्या रानात पाय ठेवायचा. त्यापेक्षा सगळी पीडा आपल्याच रानात घ्यावी, असा तिचा सरळ हिशेब. वाडीत जन्म काढलेल्या बाईला एवढं कळू नये? पण तिच्या डोळ्यांपुढं तेव्हा बांध नव्हताच, अंडीच होती. चंद्राबाई दुरून बघत होती. तिला वाटलं, नवऱ्यानं होकार दिला असेल.

हैबतराव परतला तो रानाच्या वाटेनंच. त्यानं पाहिलं ते असं. बांध निम्मा झालेला, त्याच्या बाजूनं साफ खरवडलेला, आणि बांधाची सगळी माती धोंडाबाईच्या खाचरात छान पसरलेली, आणि वर ती बाई पावड्यानं ती माती आणखी सारखी करते आहे. याच बांधावर त्यानं भावाचं धड उचललं होतं.

"रांडे, नवऱ्यानं भाऊ खाल्ला, तू बांध खातीस?"

"भावजी, ऐका, ती माती..."

त्यानं ऐकलं नाही. हातातली काठी पहिल्यांदा तिच्या खांद्यावर बसली. दुसरी डोक्यावर. टाळू फुटली आणि उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. तीही काही गाय नव्हती. तिनं पावडं फिरवलं ते त्याच्या गुडघ्यावर, आणि हैबतराव त्या ओल्या मातीत पालथा पडला. वर ती ओरडत होती, "अंडी हायेत मुडद्या, अंडी हायेत त्यात!" त्यानं तिचा पाय धरून तिला खाली ओढलं. दोघंही मातीत लोळत एकमेकांचे केस, गळे, तोंड, मिळेल ते धरत होती. तिनं त्याच्या कानाला चावा घेतला. त्यानं तिच्या फुटलेल्या डोक्यावर मूठ मारली. तिचे हात सुटले आणि ती बाजूला कोसळली.

जयसिंग डोंगरावरून पळत आला तो एक शब्द न बोलता. त्यानं आईचं रक्तानं भरलेलं तोंड पाहिलं. उठू बघणाऱ्या हैबतरावाच्या कमरेच्या आकडीत कोयता अडकवलेला होता. जयसिंगनं तो मागून उपसला, लाथ घालून त्याला उताणा केला आणि छातीवर गुडघा रोवला. हैबतरावाचे डोळे पांढरे झाले. जयसिंगचा हात वर गेला.

धोंडाबाईला एकाच डोळ्यानं दिसत होतं. तिला तो जयसिंग दिसलाच नाही. तीच रुंद पाठ, तोच गप्प जबडा, तोच बांध. तेव्हा तिच्या कडेवर पोर होतं आणि तिला काही सुचलं नव्हतं. आता सुचलं. ती गुडघ्यांवर उठली, पावडं दोन्ही हातांनी धरलं आणि जीव खाऊन पोराच्या मनगटावर घातलं.

हाड मोडल्याचा आवाज झाला. जयसिंग ओरडला, पण कोयता त्यानं सोडला नाही. "आये, सोड! आये, मारूं दे!" लोंबणारा हात त्यानं पुन्हा उचलला. तिनं पुन्हा मारलं, त्याच जागी. या खेपेला हाड कातडीबाहेर आलं आणि कोयता मातीत पडला. धोंडाबाई त्या कोयत्यावर पालथी पडली आणि वाडीची माणसं येईपर्यंत उठली नाही. जयसिंग हात पोटाशी धरून तिच्याकडं बघत होता. हैबतराव पडल्या जागीच मुतला होता.

दुसऱ्या दिवशी फौजदार चावडीत आले. जयसिंगच्या हाताला खपाट्या बांधल्या होत्या, धोंडाबाईच्या डोक्याला फडकं. हैबतराव भिंतीशी बसला होता. फौजदारांनी जयसिंगला विचारलं, हात कुणी मोडला?

"हैबतनानानं," जयसिंग म्हणाला. "कोयता उलटा करून मारला."

खरं काय ते निम्म्या वाडीला कळलं होतं, पण बाईचं डोकं फुटलेलं, पोराचा हात गेलेला. हैबतराव कोणत्याही बाजूनं सुटत नव्हता. हैबतरावानंही तोंड उघडलं नाही. आपलं कोण ऐकणार, असं त्यानं धरलंच होतं. आता धोंडाबाई नुसती गप्प बसली असती तरी तो बरीच वर्षं आत गेला असता, आणि तिला ते नको होतं असंही नाही. तिचं डोकं ठणकत होतं आणि त्या माणसाला फाडून खावं इतका राग तिच्या मनात होता. पण दारात हैबतरावाची पोरं उभी होती आणि ती जयसिंगकडं बघत होती. कसं बघत होती ते तिला चांगलं समजलं. खोट्यानं बाप गेला तर ही पोरं वाढतील, रुंद होतील, आणि एखाद्या उन्हाळ्यात तिचा जयसिंग त्याच बांधावर पडलेला असेल.

"सायेब," ती म्हणाली, "माजं डोस्कं ह्यानं फोडलं. पोराचा हात म्या मोडला. दोन्ही लिवा."

फौजदार म्हणाले, "बाई, विचार करून सांगा. तुमच्यावर खटला होईल."

"इचार करूनच मारलाय. एकदा मारला तवा सोडंना, म्हनून परत मारला."

जयसिंग उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तुज्यासाटी आलो म्या," तो म्हणाला. "तुजं रगात बगून आलो. न तू त्येला वाचवलास."

"तुला वाचवला," ती म्हणाली. पण तो बाहेर निघून गेला होता.

खटला झाला. हैबतरावाला डोकं फोडल्याबद्दल शिक्षा झाली. धोंडाबाईच्या बाबतीत पोराची साक्ष हवी होती. जयसिंग पिंजऱ्यात उभा राहिला. त्याचा हात बरा होऊन वाकडा जुळला होता, बोटं मिटत नव्हती. वकिलानं विचारलं, आईनं मारलं का? तो समोर बघत म्हणाला, "बांधावरून पडलो." वकिलानं फिरवून फिरवून विचारलं, तो तेच म्हणाला. धोंडाबाई सुटली. ती कचेरीच्या दारात त्याची वाट बघत उभी राहिली, तर तो तिच्या समोरून गेला आणि पुण्याच्या गाडीत बसला. तिनं "जयसिंगा!" अशी हाक मारली. एवढी मोठी हाक तिनं रानातसुद्धा कधी मारली नव्हती. गाडी निघून गेली.

त्या पावसाळ्यात नाकतोडे थोडेच निघाले. गोवंडे साहेब येऊन बांधाजवळ बसले. म्हणाले, "बाई, मी तुम्हाला हे सांगायलाच नको होतं." धोंडाबाई भडकली. "तुमी अंड्याचं सांगितलं, त्ये खरं निगालं. मानसाचं तुमाला काय ठावं? उठा, चिखल लागंल." त्या वर्षी दोन्ही खाचरांत भात झालं. तिनं आपलं एकटीनं कापलं. हैबतरावाचं चंद्राबाईनं कापलं. दोघी दिवसभर पाठमोऱ्या वाकलेल्या असायच्या आणि बोलायच्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात धोंडाबाईनं बांधाला पाणी घातलं आणि पावडं घेऊन आली, तेव्हा पलीकडून चंद्राबाई आली. तिच्याही हातात लाकडी पावडं होतं. धोंडाबाईनं पावडं घट्ट धरलं. चंद्राबाईनं आपलं खाली टेकवलं.

"जाऊबाई, निम्मी माती माज्या अंगाला वढते. वरखाली म्या करीन. काय सांगाल तसं."

"रोज करावी लागंल."

"करीन."

दोघी तासायला लागल्या. ऊन चढलं. माती दोन्हीकडं उतरत होती, ओली, आणि तिच्यात कुठं कुठं पिवळे दाणे चमकत होते. बऱ्याच वेळानं चंद्राबाई थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मातीनं भरलेले होते.

"माजा तुरुंगात," ती म्हणाली. "तुमचा त्वांड फिरवून ग्येला. काय मिळालं हो आपल्याला, जाऊबाई?"

धोंडाबाईनं वर पाहिलं नाही. तिच्या कपाळावरचा व्रण उन्हानं लाल झाला होता.

"जिते हायेत दोगं," ती म्हणाली. "वढ माती."